गाठ सैल करताना ती बदलली तर नाही ना?

नॉटप्लॉट या गाठी दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गणिती गाठ (दोन्ही टोकं जोडलेला, गाठ पडलेला दोरा) उघडली, की वेडावाकडा गुंता हळूहळू सुटसुटीत होताना बघण्यात फार सुख असतं. तेच सिम्युलेशन स्वतः लिहायला घेतलंत, तर एक गोष्ट आधी सांभाळा: दोरा दोऱ्यातून आरपार जाता कामा नये. तसं एकदा जरी झालं, तरी तिपेडी गाठ (ट्रेफॉइल, सर्वांत साधी गाठ) साधं वर्तुळ होऊन बसू शकते आणि पडद्यावर सगळं छानच दिसत राहतं!

दोरा म्हणजे रेषाखंडांनी जोडलेले मणी. शेजारचे मणी एकमेकांना ओढतात, लांबचे ढकलतात. प्रत्येक पायरीला, शेजारी नसलेल्या रेषाखंडांमधलं सर्वांत कमी अंतर काढा आणि कुठलाही मणी त्याच्या निम्म्यापेक्षा कमीच हलू द्या. मग आरपार जाणं शक्यच नाही. वेग मंदावतो, पण मला तो सौदा नेहमीच परवडतो.

सरावाला तिपेडी गाठ घ्या: x = sin t + 2 sin 2t, y = cos t − 2 cos 2t, z = −sin 3t; t ० ते २π. शंभरेक मणी पुरतात.

शेवटी गाठीचा डिटरमिनंट, म्हणजे गाठ नुसती सैल केली तर न बदलणारा तिचा एक आकडा, तपासा. स्नॅपपायसारखं मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी आहे. साध्या वर्तुळाचा १, तिपेडीचा ३, आठच्या आकड्याच्या गाठीचा ५. आकडा बदलला तर गाठ नक्की बदलली. तोच राहिला म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. वेगवेगळ्या गाठींचा डिटरमिनंट सारखाही असतो.