शिबिरातून मूल माणसांत मिसळायला शिकावं असं वाटतं? मग या चुका टाळा

एप्रिल उजाडला की ठाण्यात नौपाड्यापासून थेट घोडबंदर रोडपर्यंत सोसायट्यांच्या गेटवर उन्हाळी शिबिरांची पत्रकं लागतात. व्यक्तिमत्त्व विकास, संस्कार, आत्मविश्वास, टीमवर्क. सकाळी सोडायचं, दुपारी घेऊन जायचं. हेतू चांगलाच असतो. पण शिबिर संपलं की मूल कागदाची फुलं, एक मेडल आणि नाचाचा व्हिडिओ घेऊन घरी येतं आणि संध्याकाळी खाली खेळताना आउट झालं की पूर्वीसारखंच बॅट उचलून निघून जातं. मी शिबिरांत ताई म्हणून काम करते. मला दिसतं ते असं की, मुलांनी एकमेकांशी जमवून घ्यावं म्हणून आपण शिबिर भरवतो आणि तिथे त्यांना एकमेकांच्या वाट्याला येऊच देत नाही. यात आयोजक चुकतात, तसे पालकही.

वेळापत्रक खच्चून भरणं

अर्ध्या तासाला एक ॲक्टिव्हिटी असली की पालकांना फी वसूल झाल्यासारखी वाटते. क्राफ्ट, झुंबा, योगा, मातीकाम, मग घाईघाईत डबा. यात मुलं एकमेकांशी बोलणार कधी? चार तासांच्या शिबिरात निदान पाऊण तास मोकळा ठेवा. चेंडू, लगोऱ्या, दोरी, खडू एवढंच द्या आणि काय खेळायचं ते मुलांना ठरवू द्या. सुरुवातीला "ताई, बोअर होतंय" असं ऐकावं लागेल. ऐका आणि थांबा. एक-दोन दिवसांत कुणीतरी डबा ऐसपैस काढतंच, आणि राज्य कुणावर यावरून पहिली खरी चर्चा सुरू होते.

भांडण झालं की शिट्टी घेऊन धावणं

माझ्या मते ही सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे. लगोरीचा डाव रंगलेला असतो. एक जण म्हणतो, चेंडू पाठीला लागला. दुसरा म्हणतो, नुसता शर्टाला घासून गेला, आउट नाही. आवाज चढतात, ठिकऱ्या पायाने उडवल्या जातात, बाकीचे भोवती गोळा होतात. अशा वेळी आपला पाय आपोआप पुढे पडतो. पडू देऊ नका. मुलांना तुम्ही दिसाल अशा चार पावलांवर उभ्या राहा. कुणी हात उगारला, दगड उचलला, एकट्याला घेरलं, तर त्याच क्षणी मध्ये पडायचं. तिथे वाट बघायची नाही. एरवी बहुतेक वेळा "चल, परत घे" यावर गाडी येते, कारण डाव मोडलेला कुणालाच नको असतो.

नाहीच मिटलं तर एकच प्रश्न विचारा: "आता डाव पुढे कसा न्यायचा?" चूक कुणाची असं विचारलंत की दोन्हीकडचे साक्षीदार उभे राहतात आणि खेळ राहतो बाजूला.

"सॉरी म्हण, शेकहँड कर" हेही थांबवा. त्यातून मूल एवढंच शिकतं की हा शब्द उच्चारला की सुटका होते. त्यापेक्षा केलेलं निस्तरू द्या. चित्र फाडलं असेल तर चिकटपट्टी घेऊन जोडायला बसायचं. लहान मुलाला ढकललं असेल तर त्याचा गुडघा धुवायला पाणी आणायचं. हे करता करता सॉरी बऱ्याचदा आपणहून येतं, आणि नाही आलं तरी चालतं.

चांगल्या वागण्याला स्टार

डबा वाटून खाल्ला की स्टार, रांगेत उभं राहिलं की स्टार. मग मुलं डबा पुढे करताना आधी ताई बघतेय का ते बघतात. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या काही मुलांना त्यांनी आधी सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं बाकीच्यांच्या जेमतेम निम्मा वेळ चित्रं काढू लागली. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं होतं, त्यांच्यात मात्र तशी घट दिसली नाही. तेव्हा शेवटच्या दिवशी न सांगता सगळ्यांना राजगिऱ्याचा लाडू द्या, पण रोजचा गुणफलक भिंतीवर नको.

पूर्ण शिबिरभर तेच गट

लाल हाउस, निळं हाउस, रोज गुण, शेवटी ढाल. उत्साह येतो, हे खरं. पण १९५४ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमात मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शरीफ यांनी अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या एका उन्हाळी शिबिरातच याची परीक्षा घेतली होती. दोन गट पाडून चुरशीच्या स्पर्धा लावल्या. थोड्याच दिवसांत एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. (भांडण पेटावं अशी व्यवस्था संशोधकांनीच केली होती, मुलांच्या बाबतीत आज असं करणं कुणी मान्य करणार नाही.) नंतर नुसतं एकत्र जेवायला बसवून वैर गेलं नाही. पिण्याचं पाणी बंद पडलं, ट्रक अडकला, आणि ही कामं सगळ्यांनी मिळूनच करावी लागली, तेव्हा ते हळूहळू निवळलं.

आपल्याकडे तर गट आधीच पडलेले असतात. एका सोसायटीची मुलं एकीकडे, इंग्रजी माध्यमाची एकीकडे, मराठी शाळेतली भिंतीला टेकून. म्हणून चिठ्ठ्या टाकून रोज नव्या जोड्या लावा आणि अख्ख्या शिबिराचं मिळून एक काम काढा. भेळ हे त्यासाठी उत्तम. कुणी बटाटे सोलतं, कुणी चिंच कोळतं, कुणी कागदाचे कोन वळतं, आणि एकाचं अडलं की सगळ्यांचं खाणं अडतं. माध्यम कुठलंही असो, "अरे, मीठ राहिलं!" सगळ्यांना कळतं.

बुजऱ्या मुलाला स्टेजवर ढकलणं

नको. आधी त्याला पडदा, सामान, संगीत सांभाळायला द्या. चार मुलांना त्याची गरज पडली की तो बोलू लागतो.

ऊन आणि सुरक्षितता गृहीत धरणं

किनारपट्टीवर पारा ३७ अंशांवर गेला आणि तो नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी चढा असला, तरी हवामान खातं उष्णतेची लाट धरतं. मैदानी भागासाठी ही सुरुवात ४० ला होते. ठाण्याच्या दमट हवेत घामाने मुलं लवकर गळतात आणि मग चिडचिड सुरू होते. तिला स्वभाव समजू नका, आधी पाणी पाजा. मैदानी खेळ अकराच्या आत उरका. येऊरच्या जंगलात न्यायचं तर भल्या सकाळी.

पालकांनी पहिल्याच दिवशी विचारायच्या गोष्टी: बंद खोलीत एकच मोठा माणूस आणि एकच मूल असं कधी होतं का, न्यायला कोण येणार याची नोंद ठेवता का, मुलांचे फोटो कुठे टाकता. यात संकोच कसला? आणि मुलाला १०९८ हा चाइल्डलाइनचा, म्हणजे मुलांसाठीच्या मदतीचा नंबर पाठ असू द्या.

घरी आल्यावर उलटतपासणी

"आज काय शिकलास?" याचं उत्तर "काही नाही" असंच येतं. "आज कुणाबरोबर खेळलास? मजा कशात आली?" असं विचारा. भांडणाची तक्रार आली तर लगेच दुसऱ्या मुलाच्या आईला फोन लावू नका. आधी "मग तू काय केलंस?" आणि नंतर "उद्या काय करशील?" एवढं पुरतं.

पहिले दोन-तीन दिवस "मला नाही जायचं" हे बहुतेक मुलं म्हणतात, ते आपोआप मावळतं. पण छान रमलेलं मूल मध्येच नाही म्हणू लागलं, पोटात दुखतं म्हणू लागलं, एखाद्याचं नाव काढताच गप्प झालं, तर ते नखरे समजून ढकलून पाठवू नका. त्या दिवशी घरी ठेवा आणि ते झोपल्यावर शिबिराच्या ताईशी सविस्तर बोला. संशय तिथल्याच मोठ्या माणसाचा असेल तर तिच्याशी नको, थेट १०९८ ला फोन करा.