दोन देशांची माणसं, दोन भाषांचं नाटक: या चुका टाळा

वर्षातून दोन-तीनदा फोन येतोच. "सर, जर्मनीहून ग्रुप येतोय. पंधरा दिवसांचं वर्कशॉप, शेवटी प्रयोग. द्विभाषिक करायचंय, संहिता बघता का?" बघतो. डाव्या रकान्यात मराठी, उजव्या रकान्यात जर्मन, ओळीला ओळ. पान उलटायचीही गरज पडत नाही, घोळ तिथंच दिसतो.

सगळं दोनदा बोलणं

याला द्विभाषिक नाटक म्हणत नाहीत, दुभाष्याचा कार्यक्रम म्हणतात. मी दुसऱ्यांना नावं ठेवतोय, पण आम्हीही हेच करून बसलो होतो. बीडचे ऊसतोड कामगार आणि जर्मनीत अ‍ॅस्परॅगस ही भाजी काढायला रोमानिया-पोलंडहून जाणारे हंगामी मजूर, हे दोघं एका नाटकात आणायचे होते. तिकडचा हंगाम रिवाजाप्रमाणे 24 जूनला संपतो, इकडं दसरा-दिवाळीच्या सुमारास गाड्या भरून लोक कारखान्यांकडं निघतात. विषय जुळत होता, तिकडची माणसंही जीव लावणारी होती. पहिला प्रयोग एका गावात मारुतीच्या देवळापुढं केला. तिकडचा नट वाक्य बोलायचा, मग आमची मुलगी तेच मराठीत बोलायची. दीड तासाचं नाटक पावणेतीन तासांवर गेलं. पारावरची एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "त्यो गोरा बोलला की ही पोरगी तेच बोलती. मग त्यो कशाला आलाय इतक्या लांबून?"

त्या दौऱ्याचं याहून नेमकं परीक्षण कुणी केलं नाही.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. प्रत्येक प्रवेशाच्या समासात पेन्सिलीनं तीन गोष्टी लिहितो: इथं कुणाला कळतंय, कुणाला कळत नाहीये, आणि कोण कळल्याचं नाटक करतंय. तिन्ही जागा रिकाम्या राहिल्या तर तो प्रवेश एकाच भाषेत करा, उगाच दुसरी भाषा घुसवू नका. आमच्या नाटकात नंतर मुकादमच, म्हणजे मजूर गोळा करून नेणारा माणूसच, दुभाष्या झाला. परदेशी बाई मजुरांना विचारते, "पैसे पूर्ण मिळतात का?" मजूर खरं सांगतात आणि मुकादम तिला भलतंच सांगतो. बीडच्या प्रेक्षकांना बाईचा प्रश्न कळत नव्हता, पण तिचे हातवारे आणि मुकादमाचा चेहरा कळत होता. तिकडच्या प्रेक्षकांना मुकादमाचं उत्तर कळत होतं, पण मजूर काय बोलले ते नाही. दोन्हीकडं लोक पुढं सरकून बसले. भाषांतराची एक ओळही वाढवावी लागली नाही.

यावर कुणीतरी हमखास ब्रिटिश दिग्दर्शक टिम सपलचं उदाहरण तोंडावर मारतो. 2006 मध्ये त्यांनी शेक्सपिअरचं 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' इंग्रजीसोबत मराठी, हिंदी, बंगाली, मल्याळम, तमिळ, सिंहला, संस्कृत अशा भाषांत केलं आणि ते जगभर फिरलं. खरंय. पण ती गोष्ट तिकडच्या प्रेक्षकाला शाळेपासून ठाऊक असते. आपल्याकडं कीर्तनकार रामकथेत मधेच संस्कृत श्लोक टाकतो तेव्हा कुणी अडखळतं का? तुमचं नाटक नवं कोरं आहे. तुमच्या नायकाचं नावसुद्धा कुणाला माहीत नाही. ती सवलत तुम्हाला नाही.

शब्द उचलून तिकडं नेऊन ठेवणं

याच नाटकातली गोष्ट. मुकादमाचं वाक्य होतं, "बारा कोयते लिहून घेतलेत, एक बी कमी नको." आमच्या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, जोडीला मिळते. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. भाषांतर करणाऱ्या मुलाला घाई होती. त्यानं मराठीचं इंग्रजी मोबाइलमध्ये केलं, इंग्रजीचं जर्मन मोबाइलनंच केलं, आणि तिकडं पोचले बारा विळे.

आम्ही तालमीला गेलो तर छताला दोऱ्या बांधून बारा विळे टांगलेले. दिसायला फार सुंदर, वरून उजेड सोडलेला. "एक कोयता रातीत पळाला" या वाक्यावर त्यांची दिग्दर्शिका फिदा होती. तिच्या मते ती आमच्या मातीतली कविता होती. 'अर्धा कोयता' दाखवायला नेपथ्यकारानं एक विळा मधोमध कापून आणला होता. खरा अर्थ सांगितला तेव्हा खोलीत कुणी बोलेना. मग ती म्हणाली, "म्हणजे माणसं पळाली? कर्ज अंगावर घेऊन?" त्या रात्री विळे उतरवले. दोन दिवस वाया गेले आणि नेपथ्यकार आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

उपाय साधा निघाला. कोयत्याचं भाषांतरच करायचं नाही. पहिल्या प्रवेशात मुकादम वही उघडतो, एक बाई आणि एक पुरुष उभे राहतात, तो म्हणतो, "एक कोयता." दुसरी जोडी उठते, "दोन कोयते." मग एकटा पोरगा उठतो. मुकादम त्याला वर-खाली बघतो आणि म्हणतो, "अर्धा." तिकडचे प्रेक्षक तिथंच हसले. अर्ध्या मिनिटात शब्द त्यांचा झाला, शेवटी कोयता पळाला तेव्हा कुणाला काही सांगावं लागलं नाही. हल्ली मी प्रत्येक संहितेतले असे पाच-सात शब्द आधी वेगळे काढतो आणि ते रंगमंचावर कसे शिकवायचे यावर तालमीचा पहिला आठवडा घालवतो. पंधरा दिवसांत प्रयोग उभा करायचाय म्हणणाऱ्यांना हे परवडत नाही. मग त्यांनी विळे टांगावेत.

'आम्ही' आणि 'आपण' यांचंही तेच. जर्मनमध्ये दोन्हीला एकच शब्द आहे. मुकादम गाडीत बसेपर्यंत "आपण जाऊ, आपण बघू" म्हणतो आणि हिशेबाच्या दिवशी "आम्ही काय करणार" म्हणतो. सगळा दगा त्या एका शब्दात आहे, आणि भाषांतरात तो नेमका गळतो. आमच्या नटानं 'आम्ही' म्हणताना एक पाऊल मागं घ्यायला सुरुवात केली. तेवढ्यानं भागलं.

बोली धुऊन टाकणं

'त्यांना कुठं कळणार आहे' म्हणून "कामून आलास"चं "का आलास" करणारे दिग्दर्शक मी पाहिलेत. अहो, त्यांना कळणार नाही हे मान्य, पण तुमच्या नटाच्या तोंडाला कळतं ना! प्रमाण मराठी बोलायला लागला की त्याचे खांदे आखडतात, आणि खांदे जर्मन प्रेक्षकालाही दिसतात.

बाकीचं पटापट

वरच्या पडद्यावरची भाषांतराची पट्टी चालवायला साउंडवाल्याच्या भाच्याला बसवू नका. विनोदाची शेवटची ओळ नटाच्या आधी पडद्यावर आली की प्रेक्षक आधी हसतात आणि नट हबकतो. पट्टी चालवणारा पहिल्या तालमीपासून हवा, आणि मधेमधे कोऱ्या पट्ट्या हव्यातच.

पाहुण्यांना फोटोत छान दिसतं म्हणून पोतराज आणू नका. संबळ वाजला की गोंधळ असतो, पार्श्वसंगीत नसतं. ज्यांचं आहे त्यांना विचारा, त्यांना मानधन द्या, नाहीतर राहू द्या.

त्यांना सुट्टी असते जुलै-ऑगस्टमध्ये. तेव्हा आपली निम्मी पोरं शेतात असतात. दिवाळीनंतर राज्य नाट्य स्पर्धेची गडबड, आणि मे महिन्यात पत्र्याच्या हॉलमध्ये तालीम घेऊन पाहा, पाहुणे दुसऱ्या दिवशी सलाइनवर. जानेवारी-फेब्रुवारी बरा.

कागदपत्रं. जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. परभाषेतल्या प्रत्येक ओळीचा मराठी अर्थ मी सोबत जोडतोच. परदेशी पाहुणा घरी उतरवला तर त्याची माहिती 24 तासांत सरकारकडं भरायची असते. 'आपल्या घरी काय लागतंय' म्हणणारे नंतर पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेले पाहिलेत. आणि परदेशातून मंडळाच्या नावावर पैसे मागवण्याआधी थांबा: एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ते घेता येत नाहीत, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर ते आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. माझा शिरस्ता असा की त्यांचा खर्च त्यांनी परस्पर करायचा, आपला आपण. वर्गणीत नाटक होतं, नोटिशीत होत नाही.

तालमीत दुभाष्या नटांपैकीच एकाला करू नका. दिग्दर्शिका पाच मिनिटं पोटतिडकीनं बोलते आणि आमचा बाळू, ज्याचा पुढचा प्रवेश असतो, तो सांगतो, "काही नाही, परत एकदा म्हणती."

राहिलं घड्याळ. उन्हाळ्यात त्यांच्यात नि आपल्यात साडेतीन तासांचा फरक असतो, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तो साडेचारचा होतो. त्या सोमवारी आम्ही सात जण तासभर रिकाम्या स्क्रीनकडं बघत बसलो, तीन वेळा चहा झाला, आणि 'गोऱ्यांना वेळेची किंमत नाही' यावर एकमत होईपर्यंत ते हसतमुखानं हजर झाले. आता तालमीच्या खोलीत दोन घड्याळं आहेत. तिकडचं घड्याळ कोण मागं-पुढं करतं यावर अजून भांडण आहे. सध्या ते चाळीस मिनिटं पुढं आहे.