बी उगवत नाही? आधी १० बिया फडक्यात बांधून बघा

पाकीट आणलं, कुंडीत माती भरली, बिया टाकल्या, रोज दोन वेळा पाणी घातलं आणि तरी पंधरा दिवसांनी काहीच वर नाही, की लगेच म्हणतो बियाणंच बोगस निघालं. असतंही कधीकधी, पण बऱ्याचदा बी चांगलं असतं, आपणच पाणी घालून घालून कुजवतो.

म्हणून मी पेरायच्या आधी १० बिया मोजून ओल्या सुती फडक्यात बांधते, मटकीला मोड आणतो ना तसंच, फक्त फडकं घट्ट पिळलेलं पाहिजे, आणि डब्यात झाकून ठेवते. भेंडी, काकडी, दोडक्याला ३-४ दिवसात पांढरं टोक दिसतं, टोमॅटोला आठवडा, मिरचीला १०-१२ दिवस द्या. ७ फुटल्या तर झकास, ३-४ फुटल्या तर दुप्पट पेरा. पाकिटावर उगवणक्षमता छापलेली असते ती पण वाचा, टोमॅटोला कमीत कमी ७० टक्के आणि मिरचीला ६० टक्के धरतात, म्हणजे मिरचीच्या दहातल्या चार नाही आल्या तरी कोणी फसवलेलं नाही. आणि हो, गुलाबी-निळा रंग असलेल्या बियांना औषध लावलेलं असतं, त्या हाताळल्यावर हात धुवा, त्यांना खायचा डबा वापरू नका. मोड आलेल्या बिया फेकायच्या नाहीत, लगेच पेरायच्या, फक्त ते पांढरं टोक बोटाने धरू नका, ते मोडलं की बी गेलं.

दुसरं म्हणजे हवा. मिरची, वांगी, टोमॅटोला २५-३० डिग्री ऊब लागते आणि पुण्यात जानेवारीत रात्री १०-१२ पर्यंत उतरतं, मी एकदा तेव्हा गॅलरीत मिरची पेरली तर तीन आठवडे हूं की चूं नाही, तोच ट्रे स्वयंपाकघरात आणून ठेवला आणि मग कोंब दिसायला लागले. घरात ऊब नसेल तर संक्रांत उलटून थंडी कमी होईपर्यंत थांबा. पालकाचं बरोब्बर उलटं, एप्रिल-मेमधे गच्चीवर माती तापते तेव्हा तो उगवायचं नावच घेत नाही, गणपती झाले की पेरा.

धने आख्खे पेरू नका, एका धन्यात दोन बिया असतात, लाटण्याने हलकेच रगडून फोडा आणि रात्रभर भिजवा, तरी ८-१० दिवस लागतातच. कारल्याचं कवच टणक, नेलकटरने कड अगदी केसभर कापायची, आतल्या गराला धक्का नको, मग रात्रभर पाण्यात. गाजर-मुळा मात्र थेट कुंडीतच, रोप उपटून लावलं की मूळ वाकडं होतं.

नुसती काळी माती घेऊ नका, वाळली की वर पापडी धरते आणि कोंब खालीच अडकतो. दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत पुरे, कोकोपीट आधी दोनदा धुवून घ्या, त्यात मीठ असतं. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट खोल, त्याहून खाली नको. पाणी वरून ओतायचं नाही, बी पेरलेला भोकाचा कप ट्रेमधे ठेवून पाणी ट्रेमधे घालायचं आणि खालून शोषू द्यायचं, आणि परत कधी घालायचं ते कप उचलून बघायचं, हलका लागला तरच.

वर कागद झाकला असेल तर कोंबाची पहिली वाकडी मान दिसली की त्याच दिवशी काढा आणि उजेडात ठेवा, एक दिवस जरी राहिलं तरी रोप लांबडं, पांढुरकं होतं. मातीलगत देठ दोऱ्यासारखा बारीक होऊन रोपं आडवी पडायला लागली तर ती बुरशी, पडलेली काढून टाका, पाणी कमी करा, वारा लागू द्या, पुढच्या वेळी मातीत ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) मिसळा.

आणि कोवळ्या मेथीवर पहिल्या दिवसापासून जाळी टाका, आमच्याकडे कबुतरांनी एका सकाळीत आख्खा ट्रे साफ केला होता.