गाव नकाशातला धुरा एकदाच काढा

गाव नकाशा संगणकावर उतरवताना बहुतेक घोळ एका सवयीतून होतो: प्रत्येक गट सुटा रेखाटायचा. मग दोन गटांमधला एकच धुरा, म्हणजे सामाईक हद्द, दोनदा काढला जातो आणि दोन्ही रेषा जुळत नाहीत. कुठे फट पडते, कुठे एक गट शेजाऱ्यावर चढतो. १:५००० च्या नकाशावर हात अर्धा मिलिमीटर सरकला, तर जमिनीवर अडीच मीटर. धुरा २०० मीटरचा असेल तर ५ आर, म्हणजे जवळपास ५ गुंठे. एवढ्यावरून आपल्याकडे पिढ्यानपिढ्या भांडणं चालतात.

आधी प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवायची पद्धत, ठरवा. यूटीएम या प्रक्षेपणात पृथ्वीचे उभे पट्टे पाडलेले असतात; मराठवाडा बहुतेक पट्टा ४३ मध्ये बसतो. किनवट ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे ४४ मध्ये. मग क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये धुरे रेषांच्या थरात काढा, प्रत्येक फक्त एकदा. स्नॅपिंग, म्हणजे जवळच्या रेषेला आपोआप चिकटणं, बिंदू आणि रेषा दोन्हींवर ठेवा; सामाईक बिंदू एकत्रच हलावेत म्हणून टोपोलॉजिकल एडिटिंग चालू करा. शेवटी 'पॉलिगोनाइझ' करून, म्हणजे रेषांनी वेढलेल्या जागांच्या बंद आकृत्या करून, गट बनवा. रेषा जरा अलीकडे थांबली की दोन गट एकत्र होतात, म्हणून लोंबती टोकं त्याआधीच तपासा.

खरी गोम तिठ्यावर असते. एका गटाच्या लांब धुऱ्याला मध्येच दोन गटांचा बांध येऊन भिडतो. त्या जागी लांब धुऱ्यावरही बिंदू हवा. नसेल तर आज सगळं जुळलेलं दिसतं. उद्या कुणी तो तिठा सरकवला किंवा प्रक्षेपण बदललं, की बारीक फट उघडते.

टोपोलॉजी चेकर या चुका शोधणाऱ्या साधनात आधी अवैध आकृत्या (उदा. स्वतःलाच छेदणाऱ्या) शोधून दुरुस्त करा, कारण त्या असताना पुढचे निकाल भरवशाचे नसतात. नंतर दुबार गट, मग एकावर एक चढलेले, शेवटी फटी. मूळ गट आणि त्याचे पोटहिस्से एकाच थरात ठेवले, तर सगळेच चढलेले दिसतील. थर वेगळे करा. पांदण (शेतातली वाट) आणि नाला यांनाही स्वतःची आकृती द्या, नाहीतर तपासणी त्यांना फट म्हणेल आणि कुणीतरी पांदण शेजारच्या गटात बुजवेल. स्नॅपिंगचं अंतर सर्वांत अरुंद पांदणीच्या निम्म्याहून कमीच ठेवा. मोठं ठेवलं की त्रुटी झटपट कमी होतात, पण वाटही जाते.

फट दिसली की आपोआप दुरुस्तीचं बटण दाबू नका. ती जमीन कुणाची, हे सॉफ्टवेअरला कळत नाही. टिपणातली, म्हणजे मूळ मोजणीच्या नोंदीतली, मापं पाहा, मगच रेषा हलवा. सातबाऱ्यावरचं क्षेत्र जुळत नाही म्हणून धुरा ओढणं तर सर्वांत वाईट: एक गट जुळतो, शेजारचा बिघडतो. तो फरक आर मध्ये नोंदवा आणि मोजणीसाठी बाजूला ठेवा.

गावांच्या शिवेलाही हाच नियम. दोन्ही गावांचे गट एकाच शिवेच्या रेषेतून बनवा, आणि ती रेषा काम सुरू होण्यापूर्वीच पक्की करून कुलूपबंद ठेवा.