नखांची बुरशी : निदानापासून नवे नख येईपर्यंत काय करावे

पायाच्या अंगठ्याचे नख एका कडेने पिवळे पडू लागते, जाड होते, त्याच्याखाली खडूच्या भुकटीसारखा चुरा साठतो आणि नेलकटर लावले की ते कापले न जाता तुटते. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून वर्ष-दोन वर्षे तिकडे कोणी लक्ष देत नाही. मग एखादे लग्नकार्य जवळ आले की औषधाच्या दुकानातून मलमाची ट्यूब आणून नखावर चोळली जाते. त्वचेसाठी तयार केलेले मलम नखाच्या कठीण थरातून खाली पुरेसे झिरपत नाही. महिन्याभरानंतरही नख जसेच्या तसे दिसते आणि ‘याला औषधच नाही’ असा समज पक्का होतो. औषध आहे, पण ते कोणत्या क्रमाने घ्यायचे आणि त्याच्याकडून किती काळात काय अपेक्षा ठेवायची, हे आधी समजून घ्यावे लागते.

पहिली पायरी : ही बुरशीच आहे का?

बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्मीच नखे बुरशीने बिघडलेली असतात. सोरायसिसमध्ये नखांवर बारीक खड्डे पडतात, नखाखाली पिवळसर-तांबूस डाग दिसतात आणि बहुतेकदा कोपर, गुडघे किंवा डोक्याच्या त्वचेवरही खपल्या असतात. घट्ट बुटांचा सतत मार बसल्यानेही अंगठ्याचे नख जाड व वाकडे होते. बुरशी सहसा एका पायाच्या एक-दोन नखांपासून सुरू होते. हातापायांची सगळी नखे एकाच वेळी खरखरीत झाली असतील, तर कारण दुसरीकडे शोधावे. दिवसभर भांडी-धुणी करणाऱ्यांच्या बोटांना नखाच्या मुळाशी सूज येते, तिथली कातडी नखापासून सुटते आणि नखावर आडव्या वळ्या उमटतात. या दुखण्याचे मूळ पाणी आणि साबण यांच्या सततच्या संपर्कात असते. तिथे बुरशीच्या गोळ्यांपेक्षा हात कोरडे ठेवणे, आत सुती हातमोजे घालून वर रबरी हातमोजे वापरणे आणि डॉक्टरांनी दिलेले सूज कमी करणारे मलम लावणे यांचा उपयोग जास्त होतो.

एकाच नखात काळी किंवा गडद तपकिरी उभी रेघ नव्याने दिसली, ती रुंद होत गेली किंवा तिचा रंग नखाच्या मुळाच्या कातडीत पसरला, तर मात्र थांबू नये. क्वचित ती त्वचेच्या कर्करोगाची खूण असते.

दुसरी पायरी : गोळ्यांच्या आधी तपासणी

त्वचारोगतज्ज्ञ नखाचा सुटलेला भाग कापून, निरोगी भागाच्या अगदी जवळचा चुरा खरवडून घेतात, कारण जिवंत बुरशी तिथे असण्याची शक्यता जास्त असते. टोकाच्या चुऱ्यात ती अनेकदा सापडत नाही. हा चुरा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ही तपासणी साधी आणि स्वस्त आहे. कल्चरचा, म्हणजे नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा, अहवाल यायला तीन-चार आठवडे लागतात. तपासणीला जाताना नेलपॉलिश काढलेले असावे आणि बुरशीचे कोणतेही औषध सुरू असेल तर ते किती दिवस आधी थांबवायचे, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे, नाहीतर बुरशी असूनही अहवाल निर्दोष येतो. एकदा अहवाल निर्दोष आला म्हणजे बुरशी नाहीच, असेही नाही. शंका राहिली तर नमुना पुन्हा द्यावा. तीन महिने गोळ्या घेण्यापेक्षा एकदा नख खरवडून घेणे केव्हाही परवडते.

तिसरी पायरी : लेप की गोळ्या?

एक-दोनच नखे बिघडली असतील, बिघाड नखाच्या अर्ध्यापेक्षा कमी भागात असेल आणि नखाचे मूळ शाबूत असेल, तर अ‍ॅमोरोल्फिनसारखा नखावर लावायचा लेप पुरतो. बिघाड मुळापर्यंत गेला असेल किंवा नखे जास्त असतील, तर पोटात घ्यायच्या गोळ्या लागतात.

गोळ्यांमध्ये प्रौढांसाठी टर्बिनाफिन हे पहिले औषध मानले जाते : रोज २५० मिलिग्रॅम, हाताच्या नखांसाठी ६ आठवडे आणि पायाच्या नखांसाठी १२ आठवडे. इट्राकोनाझोल बहुधा टप्प्याटप्प्याने देतात. महिन्यातला एक आठवडा २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, मग तीन आठवडे विश्रांती, असे हाताच्या नखांसाठी दोन आणि पायाच्या नखांसाठी तीन फेरे. हे आकडे डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी समजावी म्हणून दिले आहेत; दुकानातून स्वतःहून गोळ्या आणण्यासाठी नाहीत. दोन्ही औषधांचा यकृतावर परिणाम होऊ शकतो, म्हणून आधी रक्ततपासणी करतात. गोळ्या चालू असताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा अन्नावरची वासना अचानक गेली, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना गाठावे. टर्बिनाफिनमुळे काहींची चव काही काळ जाते. हृदय कमकुवत झालेल्यांना नखांच्या बुरशीसाठी इट्राकोनाझोल देत नाहीत, आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशीही त्याचे जमत नाही. त्यामुळे घरातल्या सगळ्या औषधांची पाकिटे पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवावीत. इट्राकोनाझोलची कॅप्सूल भरल्या पोटी घ्यावी, पित्ताची गोळी तिच्यासोबत घेऊ नये. गरोदरपणात हे उपचार पुढे ढकलता येतात.

नख फार जाड असेल तर ४० टक्के युरियाचे मलम पट्टीखाली लावून ते मऊ करून काढता येते. लेझरची जाहिरात मोठी आणि खर्चही मोठा. त्याचा उपयोग होतो याचा पुरावा मात्र अजून तोकडा आहे.

चौथी पायरी : लेप लावण्याची रीत

लेप अनेकदा निरुपयोगी ठरतो तो लावण्याच्या पद्धतीमुळे. आधी नखाचा सुटलेला भाग कापावा. मग कानशीने नखाचा पृष्ठभाग, विशेषतः बिघडलेला भाग, चकाकी जाईपर्यंत घासावा, स्पिरिटच्या बोळ्याने पुसावा आणि कोरडा झाल्यावर लेपाचा पातळ थर कडांपर्यंत पसरवून चार-पाच मिनिटे सुकू द्यावा. अ‍ॅमोरोल्फिन आठवड्यातून एकदा किंवा दोनदा लावतात. निरोगी नखांना ती कानस लावू नये. नख पूर्ण बदलेपर्यंत लेप चालू ठेवावा लागतो.

पाचवी पायरी : गुण येतो आहे का, हे मोजणे

औषध जुने नख सरळ करत नाही. ते मागून येणाऱ्या नव्या नखाला बुरशीपासून वाचवते. हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते, पायाचे त्याच्या निम्म्याने किंवा त्याहूनही कमी. म्हणून अंगठ्याचे नख पूर्ण बदलायला वर्ष ते दीड वर्ष जाते आणि बाराव्या आठवड्यात गोळ्या संपतात तेव्हा ते वाईटच दिसत असते. इथे बरेच जण निराश होऊन डॉक्टर बदलतात. खरे तर औषध गोळ्या संपल्यावरही नखात काही महिने टिकून राहते. उपचार सुरू करताना निरोगी आणि बिघडलेल्या भागाच्या सीमेवर कानशीने एक बारीक आडवी खाच पाडावी आणि दर महिन्याला त्याच उजेडात फोटो काढावा. खाच टोकाकडे सरकते आहे आणि तिच्या मागे स्वच्छ गुलाबी नख येते आहे, तर सगळे ठीक चालले आहे. पिवळेपणा खाच ओलांडून मुळाकडे आला, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता जाऊन दाखवावे.

त्वचेवरची बुरशी

नखात बुरशी असलेल्यांच्या बोटांच्या बेचक्यांत अनेकदा चिखल्या असतात आणि जांघेत गजकर्ण. भातलावणीच्या दिवसांत किंवा पावसाळ्यात ओले बूट घालून दिवसभर काम करणाऱ्यांत हे विशेष दिसते. नख आणि त्वचा या दोन्हींचा उपचार एकत्र केला नाही, तर एकातली बुरशी दुसऱ्याला पुन्हा लागण देते. गजकर्णावर साधे बुरशीनाशक मलम चट्ट्याच्या कडेपलीकडे दोन सेंटिमीटरपर्यंत लावावे आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही आणखी दोन आठवडे चालू ठेवावे.

सगळ्यात मोठे नुकसान करतात ती स्टेरॉइड मिसळलेली मलमे. खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून ती शेजाऱ्यापाजाऱ्यांत हातोहात फिरतात. आतून मात्र बुरशी पसरत राहते, चट्ट्याचा आकार बदलून निदान अवघड होते आणि जांघेतली कातडी पातळ होऊन कायमचे पट्टे पडतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला, तरी ती सर्रास मिळतात. ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी नाव दिसले, तर ती गजकर्णाला लावू नये. भारतात टर्बिनाफिनला न जुमानणारी बुरशीही आता आढळते. महिन्याभरात उतार नसेल, तर तीच गोळी वाढवत न बसता पुन्हा तपासणी करावी.

पाठीवरच्या आणि मानेवरच्या शिब्यांचे प्रकरण सोपे आहे. केटोकोनाझोलचा शाम्पू अंगाला लावून पाच मिनिटांनी धुवावा, असे डॉक्टर सांगतील तितके दिवस करावे. बुरशी गेल्यावरही पांढरट डाग काही महिने राहतात. ते कोड नसते.

उपचार चालू असताना पाय धुतल्यावर बेचके कोरड्या फडक्याने टिपावेत, मोजे रोज बदलावेत, बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरावेत आणि घरातल्या इतरांचेही पाय एकदा तपासून घ्यावेत. मधुमेह असलेल्यांनी नख स्वतः खोल कोरू नये आणि लसूण, व्हिनेगर किंवा फिनाइलसारखे घरगुती प्रयोग करू नयेत. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर भाजलेले कळतही नाही, आणि नखाभोवती लाली, पू किंवा जखम दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.