दोन चालींत मात: कोडी सोडवताना या चुका टाळा

इंदूरच्या मराठी वस्त्यांत, रामबागेपासून सुदामा नगरापर्यंत, बुद्धिबळाच्या कोड्यांचा नाद दोन टोकांच्या वयांत दिसतो. आजोबा कात्रणं जपून ठेवतात आणि नातू मोबाइलवर पझल सोडवतो. अडतात मात्र दोघंही सारखेच. पांढऱ्याची चाल शोधण्यात सगळा जीव ओततात, आणि काळ्याकडे काय काय शिल्लक आहे ते कुणी मोजत नाही.

आधी मोजणीचा घोळ मिटवू. ‘दोन चालींत मात’ म्हणजे पांढरा खेळतो, काळा उत्तर देतो, पांढरा मात करतो. काळ्याची चाल वेगळी धरायची नाही. आणि मात काळ्याच्या प्रत्येक उत्तरावर बसली पाहिजे. “काळ्याने असं खेळलं तर मात” हे उत्तर नव्हे, ती आशा झाली.

आता पट मांडा. पॉल मॉर्फी (१८३७–१८८४) यांच्या नावावर सांगितलं जाणारं हे कोडं जुनं आणि प्रसिद्ध आहे. (घराच्या नावातलं अक्षर म्हणजे पांढऱ्याच्या डावीकडून मोजलेला स्तंभ, ए ते एच; आकडा म्हणजे पांढऱ्याकडून मोजलेली ओळ, १ ते ८.) पांढरा: राजा सी८, हत्ती ए१, प्यादं बी६. काळा: राजा ए८, उंट बी८, प्यादी ए७ आणि बी७. पांढऱ्याची चाल, दोन चालींत मात.

बहुतेकांचा हात पहिल्यांदा हत्तीने ए७ घेण्याकडे जातो, कारण शह लागतो. पण उंट हत्ती खातो आणि खेळ लांबतो. मग बी६ च्या प्याद्याने ए७ घेऊन बघतात; पुन्हा उंटच मारतो. इथे थांबून काळ्याच्या बाजूने पट बघा. राजाला हलायला घर नाही. बी७ च्या प्याद्यासमोर पांढरं प्यादं उभं आहे, ते पुढे सरकू शकत नाही. ए७ चं प्यादं बी६ मारू शकत नाही, कारण त्याच्यामागे राजा आणि समोर ए स्तंभात हत्ती. ते स्तंभातून बाजूला झालं तर राजाला शह बसतो. म्हणजे काळ्याकडे उरलं काय? ए७ चं प्यादं पुढे ढकलणं आणि उंट हलवणं, एवढंच.

हे लक्षात आलं की हत्ती ए६ वर का जातो ते उघड होतं. त्याने ए७ चं प्यादं जागीच अडतं. आता बी७ च्या प्याद्याने हत्ती मारला, तर पांढरं प्यादं बी७ वर येऊन मात. उंट कुठेही हलला, तर हत्ती ए७ घेतो आणि मात. तिसरं उत्तरच नाही. हत्ती फुकट दिल्यासारखा दिसतो, शहसुद्धा नाही, तरी काळ्याला चाल करावीच लागते आणि तीच त्याला नडते.

इथेच दुसरी चूक सापडते: प्रत्येक कोड्यात शहापासून सुरुवात करणं. मोबाइलवरची बरीचशी कोडी खऱ्या डावांतून उचललेली असतात. तिथे शह, मारामारी आणि बलिदान आधी तपासणं योग्यच. पण कुणीतरी मुद्दाम रचलेल्या कोड्यात पहिली चाल सहसा शांत असते. शह देऊन सुरुवात करणं रचनाकारांना ओबडधोबड वाटतं. तेव्हा कोडं कुठल्या जातीचं आहे ते आधी ओळखा. पटावर सोंगट्यांची मांडणी विचित्र असेल, काळा राजा मध्येच कोंडलेला असेल आणि पांढऱ्याकडे भरमसाट सैन्य असेल, तर ते रचलेलं समजा आणि शह शेवटी तपासा.

डावातल्या कोड्यांत अडचण नेमकी उलटी असते: वजीर बळी द्यायचा धीर होत नाही. काळा राजा एच८, हत्ती डी८, प्यादी जी७ आणि एच७. पांढरा राजा जी१, वजीर सी४, घोडा एच६. वजीर जी८ वर टाका, शह. राजाला तो मारता येत नाही, घोडा राखतोय. हत्तीला मारावाच लागतो. मग घोडा एफ७ वर, मात; राजा स्वतःच्याच सैन्यात गुदमरतो. ही गुदमरवणारी मात इतकी जुनी आहे, की लुसेना या स्पॅनिश लेखकाच्या १४९७ च्या पुस्तकातही ती सापडते. “वजीर गेला तर पुढे काय?” हा प्रश्न डावात रास्त आहे, पण मात बसणार असेल तर पुढे काही नसतंच.

आमच्याकडच्या जुन्या घरांत आणखी एक खास अडचण आहे. ज्यांनी देशी पद्धतीने बुद्धिबळ शिकलं, त्यांचं प्यादं पहिल्या चालीतही एकच घर चालतं, आणि शेवटच्या ओळीत पोचलं की ज्या मोहऱ्याचं ते घर, तेच होतं. आजच्या कोड्यांत हे दोन्ही घात करतात. पाचव्या ओळीतून शह दिला आणि मात झाली म्हणून आजोबा खुश. तेवढ्यात सातव्या ओळीतलं काळं प्यादं दोन घरं उडी मारून मध्ये उभं राहतं. नातू खुदकन हसतो, आजोबा नियमालाच नावं ठेवतात. (प्याद्याने केलेली मात सगळ्यांत मानाची, हा जुना दंडक मात्र मला अजून आवडतो.)

बढतीत (शेवटच्या ओळीत पोचलेल्या प्याद्याचं वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा करण्यात) नातवाचंही चुकतं. तो डोळे मिटून वजीरच करतो. पण वजीर शह न देताही राजाला कोंडू शकतो. काळा राजा ए८ वर एकटा, पांढरा वजीर बी६ वर आणि चाल काळ्याची: शह नाही, जायला घर नाही, डाव बरोबरीत. अशी कोंडी होत असेल तर हत्ती करून बघा, आणि उडी मारून शह द्यायचा असेल तर घोडा.

रचलेल्या कोड्यांत दोन संकेतही पाळले जातात. राजा किंवा हत्ती आधी हलल्याचं सिद्ध होत नसेल, तर किल्लेकोट (एकाच चालीत राजा आणि हत्ती दोघांना हलवणं) करता येतो असं धरतात. उलट, एन पासां (दोन घरं चालून शेजारी आलेलं प्यादं, एकच घर चाललं असं धरून मारणं) मारून सुरुवात तेव्हाच करता येते, जेव्हा समोरच्याची शेवटची चाल प्याद्याची दोन घरांचीच होती हे मांडणीवरून सिद्ध होतं. हे माहीत नसलं की माणूस तासभर बरोबर उत्तर नाकारत बसतो.

काहीच सुचत नसेल तर आधी पटाची दिशा तपासा. छापील आकृतीत पांढरा खालून वर चालतो. काळ्याची चाल असली की मोबाइल बहुधा पट उलटा करून दाखवतो. प्याद्यांची दिशा चुकली की पुढचं सगळं वाया. मग काळ्या राजाच्या भोवतालची घरं एकेक करून बघा: कुठलं पांढऱ्याच्या ताब्यात, कुठलं काळ्यानेच अडवलेलं, कुठलं मोकळं. मोकळं घर सापडलं की ते कोण बुजवेल, एवढाच प्रश्न उरतो.

आणि दोन वेगवेगळी उत्तरं सापडली, तर हुरळून जाऊ नका. चांगल्या कोड्याला पहिली चाल एकच असते. दुसऱ्या उत्तरात काळ्याची एखादी मारामारी किंवा मध्ये घातलेली सोंगटी तुमच्या नजरेतून सुटलेली असणार. कोडी सोडवण्याच्या जागतिक स्पर्धेत पहिल्या फेरीला दोन चालींची तीन कोडी असतात, वेळ २० मिनिटं, आणि लिहायची फक्त पहिली चाल. घरी मात्र काळ्याची सगळी उत्तरं कागदावर लिहा, आणि इंजिन (चाली शोधणारा संगणकाचा प्रोग्राम) लावायचंच असेल तर तो कागद भरल्यावर लावा.