गेमपॅड सोडून योक-पेडलवर येताय? या चुका टाळा

योक (विमानाचं स्टिअरिंग) टेबलाला आवळला, रडर पेडलं पायाखाली सरकवली आणि त्याच रात्री संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये, म्हणजे सिममध्ये, सेसना १७२ हे छोटं विमान रनवेवर आणून उभं केलं. थ्रॉटल पुढे ढकलला आणि विमान जे सुटलं ते थेट डावीकडच्या गवतात. दुसऱ्यांदाही तिथेच. तिसऱ्यांदा कसंबसं उडालं, पण नाक सारखं वर-खाली. याच विमानाला मी दोन वर्षं गेमपॅडवर पावसात, अंधारात, कसल्याही वाऱ्यात उतरवत होतो. साहजिकच पहिली शंका नव्या सामानावर गेली. परत पाठवायचं म्हणून खोकंसुद्धा जपून ठेवलं.

सामानात काही दोष नव्हता. गेमपॅडवर उडवताना सिम माझी निम्मी कामं गुपचूप उरकत होतं आणि मला ते माहीतच नव्हतं. योक-पेडल आल्यावर ती कामं माझ्या अंगावर आली, आणि काही बाबतीत तर सिम आणि मी दोघंही एकच काम करायला लागलो. पुढच्या बहुतेक चुका या एकाच गोंधळातून निघतात.

पेडलं जोडली, पण ऑटो-रडर चालूच

ते डावीकडचं गवत आधी बघू. सेसना १७२ चा पंखा कॉकपिटमधून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. वेग कमी आणि ताकद पूर्ण असताना त्याचा गरगरणारा झोत शेपटीच्या उभ्या पात्यावर डावीकडून आदळतो, इंजिनाचा पीळ डाव्या चाकावर भार टाकतो, आणि नाक वर उचललं की पंख्याचं उजवं पातं जास्त ओढ देतं. सगळ्यांचा परिणाम एकच, नाक डावीकडे. खरा वैमानिक उजवा पाय देऊन ते धरून ठेवतो. गेमपॅडवर हे काम ऑटो-रडर करतो, म्हणजे शेपटीचं हलतं पातं (रडर) सिमच आपोआप वळवतं.

पेडलं आल्यावर तो बंद करायला हवा, नाहीतर तुमचा पाय आणि सिमचा पाय एकमेकांशी भांडतात. आणि बंद केल्यावर पाय खरोखर वापरायला हवा, जे मी केलं नव्हतं. थ्रॉटल एकदम ढकलू नका, तीन-चार सेकंद घेऊन पुढे न्या आणि त्याच गतीने उजवा पाय वाढवत जा. नजर नाकासमोर नको, रनवेच्या दूरच्या टोकावर ठेवा. (सगळीच विमानं डावीकडे जात नाहीत. ग्रिफॉन इंजिनाच्या स्पिटफायरचा पंखा उलटा फिरतो, तिथे डावा पाय लागतो.)

बाकीचे असिस्टही (सिमच्या आपोआप मदती) तपासा. टेकऑफला रडर सांभाळणारा, उतरताना मदत करणारा, आपोआप ट्रिम करणारा (योक धरून न ठेवताही नाक हवं तिथे टिकवणारा), असे बरेच असतात. सगळे एकाच दिवशी बंद करू नका. एक बंद करा, दोन-तीन उड्डाणं करा, मग पुढचा. नाहीतर काय कशामुळे होतंय ते कळायला मार्ग राहत नाही.

एकाच कामाला दोन मालक

एकदा विमान सारखं हळूहळू उजवीकडे कलंडत होतं. तासभर कर्व्ह (हात किती हलला की विमानाने किती ऐकायचं), डेडझोन (मध्याजवळची सिमने दुर्लक्ष करायची चाल), कॅलिब्रेशन सगळं करून झालं. शेवटी कीबोर्डमागे हात घातला, तर गेमपॅड पालथा पडलेला, केबल अजून जोडलेली, आणि डावी काठी भिंतीला टेकून अर्धवट दाबली गेलेली. सिमला दोन्हीकडून हुकूम जात होते.

गेमपॅड काढून ठेवा, हे झालं सोपं. जास्त फसवणारा प्रकार जॉयस्टिकच्या पिळाचा. बऱ्याच जॉयस्टिकची मूठ पिळली की रडर हलतो. पेडलं घेतल्यावरही ते बाइंडिंग (कोणत्या हालचालीने काय हलायचं ही नेमणूक) तसंच राहतं, आणि जोरात वळताना मनगट नकळत पिळलं जातं. नवीन उपकरण जोडलं की सिम आपल्या मनाने एक प्रोफाइल लावून मोकळं होतं, त्यामुळे प्रत्येक उपकरणाच्या पानावर जाऊन स्वतः बघा: एलेरॉन (डावी-उजवीकडे कलणं), एलिव्हेटर (नाक वर-खाली), रडर, थ्रॉटल आणि दोन ब्रेक. प्रत्येकाला एकच मालक. बाकीचे पुसून टाका.

सेटिंगला हात घालण्याआधी विंडोजमध्ये बघा

विंडोजचं आणि आर हे बटण एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत जॉय डॉट सीपीएल (joy.cpl) टाइप करा. उपकरणांची जुनी, साधी खिडकी उघडते. तिथे योक सावकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्या आणि त्याची जागा दाखवणाऱ्या फुलीकडे बघा. फुली इथेच थरथरत असेल किंवा उड्या मारत असेल, तर दुखणं उपकरणात आहे. पोटेन्शिओमीटर (घासत्या भागाने जागा मोजणारा सेन्सर) वापरणाऱ्या स्वस्त किंवा जुन्या उपकरणांत धूळ आणि झीज यामुळे असं होतं. हॉल सेन्सर चुंबकावर चालतो, त्यात घासणारा भाग नसतो, त्यामुळे ही तक्रार क्वचित येते. इथे सगळं सुरळीत आणि सिममध्ये गडबड असेल, तर दुखणं सेटिंगमध्ये. दोन्हीकडे ठीक असेल तर हातात. मी या क्रमाने गेलो असतो तर पहिले दोन आठवडे वाचले असते.

फुली मधोमध येत नसेल तर उपकरण काढून परत जोडा, आणि जोडताना त्याला हात लावू नका. काही उपकरणं जोडल्या क्षणी असलेल्या जागेलाच मध्य मानतात. पेडलांवर पाय ठेवून केबल खोचली की झालंच.

थ्रॉटल पूर्ण, विमान जागचं हलेना

पेडलांच्या वरच्या भागात चवड्याने दाबायचे ब्रेक असतात, आणि त्यांचा अक्ष (सिमला मिळणारं दाबाचं माप) कित्येकदा उलटा येतो. पाय काढला की पूर्ण ब्रेक, पूर्ण दाबला की मोकळं. खूण अगदी साधी. दोन्ही चवडे जोरात दाबल्यावर विमान चालायला लागलं, तर अक्ष उलटा आहे. एकच ब्रेक उलटा असेल तर विमान जागच्या जागी गोल फिरतं. सेटिंगमध्ये त्या अक्षासमोर रिव्हर्सची खूण करा, काम झालं.

थ्रॉटलचंही असंच एक आहे. दांडा अर्ध्यापर्यंत येईस्तोवर इंजिन ढिम्म, आणि उरलेल्या अर्ध्यात सगळी ताकद. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये थ्रॉटलसाठी जवळजवळ सारख्या नावाच्या दोन आज्ञा आहेत, एक साधी आणि एक शून्य ते शंभर टक्केवाली. असं झालं तर आधी आज्ञा बदलून बघा, उपकरण उघडायला जाऊ नका.

जुना कर्व्ह नव्या योकवर

गेमपॅडच्या काठीला अंगठ्याखाली जेमतेम सेंटिमीटरभर चाल मिळते, म्हणून तिथे मध्याजवळची संवेदनशीलता बरीच कमी करावी लागते. योकचं तसं नाही. हनीकोम्ब अल्फा हा योक दोन्ही बाजूंना ९० अंश, एकूण १८० अंश फिरतो. एवढी चाल हातात असताना जुना खोल कर्व्ह लावला, की मध्यावर विमान ऐकत नाही आणि कडेला एकदम अंगावर येतं. नेमका याचा फटका बसतो तो उतरताना. जमिनीपासून चार-पाच मीटरवर नाक उचलायला योक ओढता, काही होत नाही, अजून ओढता, आणि कर्व्हचा चढ सुरू होतो. विमान फुग्यासारखं वर जातं, वेग संपतो, आणि मग आपटतं.

सुरुवात सरळ रेषेने करा. डेडझोन शून्य, फुली थरथरत असेल तरच दोन-तीन टक्के. बऱ्याच योकना मध्यावर स्प्रिंगचा एक खटका जाणवतो आणि लोक तो घालवायला डेडझोन वाढवतात. खटका लोखंडात आहे, डेडझोन सॉफ्टवेअरमध्ये. एकाने दुसरा जात नाही, उलट खटका ओलांडल्यावर आणखी थोडी रिकामी चाल पदरी पडते. एक्स-प्लेनमध्ये संवेदनशीलतेजवळच स्टॅबिलिटी ऑगमेंटेशनचे स्लायडर आहेत. ते वाढवलेले असतील तर सिम तुमच्या हातावर हात ठेवून उडवतंय असं समजा.

ट्रिम

गेमपॅडवर मी ट्रिमला कधी हातही लावला नव्हता. योकवर त्याच्याशिवाय पाच मिनिटं सरळ उडता येत नाही, आणि मनगट दुखतं ते वेगळंच.

खऱ्या सेसनात ट्रिम केलं की योकवरचा जोर हाताखाली विरत जातो आणि योक नव्या जागी स्वस्थ राहतो. घरच्या योकची स्प्रिंग मात्र त्याला कायम मध्याकडेच ओढते. म्हणून इथे उलटं करावं लागतं: ट्रिम देत जायचं आणि नाक हलू न देता हात हळूहळू मध्याकडे परतू द्यायचा. क्रम महत्त्वाचा. आधी योकने नाक हवं तिथे धरा. ताकद ठरवा. वेग स्थिर व्हायची वाट बघा, आणि हीच पायरी सगळे गाळतात. मग ट्रिम, अगदी थोडं थोडं, हातातला जोर संपेपर्यंत. सेसना १७२ एस मध्ये चढताना ७४ नॉट (विमानाच्या वेगाचं एकक) धरा, ट्रिम करा, आणि हात सोडून बघा. वेग ७४ च्या आसपास राहिला तर जमलं. उतरताना शेवटच्या टप्प्यात हाच प्रयोग ६५ नॉटवर.

ट्रिमने विमान चालवायचा मोह होतो. नाक खाली गेलं, ट्रिम वर. फार वर आलं, ट्रिम खाली. माझं नाक पहिल्या रात्री वर-खाली होत होतं त्यामागे हे तर होतंच, शिवाय मी योक मुठीत आवळून धरला होता. अंगठा आणि दोन बोटं पुरतात. एक हालचाल करा, विमानाला सेकंदभर द्या, मग पुढची.

खुर्ची आणि इतर किरकोळ

चाकांची खुर्ची आणि रडर पेडल यांचं पटत नाही. ब्रेक दाबला की विमान थांबतं आणि तुम्ही मागे जाता. चाकं काढा, किंवा खुर्चीचा पाय आणि पेडलं एका पट्ट्याने बांधून टाका.

उड्डाणात थोडा वेळ थांबल्यावर कंट्रोल मेले, तर विंडोजची यूएसबी वीज वाचवण्याची सोय बंद करा. तीन-चार उपकरणं असतील तर स्वतःचा वीजपुरवठा असलेला हब घ्या. केबल एका पोर्टमधून दुसऱ्यात घातली की काही सिम त्याला नवीन उपकरण समजतात आणि बाइंडिंग जातात. पोर्टवर चिकटपट्टीने नाव लिहून ठेवा आणि बाइंडिंगच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा.

अजून खरेदी केली नसेल तर एवढं बघा. सेसना आणि बोइंगला योक, एअरबस आणि लढाऊ विमानांना स्टिक (जॉयस्टिक). कन्सोलवर खेळत असाल तर उपकरण एक्सबॉक्सवर चालतं असं स्पष्ट लिहिलेलं हवं, कारण पीसीची बरीच उपकरणं तिथे ओळखलीच जात नाहीत. आणि पैसे असले तरी सगळं एकदम जोडू नका. आधी योक किंवा स्टिक, आठवड्याभराने पेडलं.

माझा गेमपॅड अजून टेबलावर आहे. त्याचे उडवण्याचे सगळे अक्ष पुसले आणि फक्त ड्रोन कॅमेरा ठेवला. विमान उतरल्यावर बाहेरून एक चक्कर मारायला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही मला अजून सापडलेलं नाही.